तीन बोटांची मूठ

७ जानेवारी

कासिल्दा ज्या माझापानच्या, म्हणजे बदाम-साखरेच्या मिठाईच्या, कारखान्यात भट्टी सांभाळते, तिथे ह्या वर्षी कामगारांना डायऱ्या वाटल्या. वर बदामाचं चित्र, आत नुसत्या तारखा आणि कोरी पानं. "मला कुठला वेळ, मेलितोन, तूच लिही," म्हणाली बायको. "नाहीतरी दिवसभर ऐरणीशी बोलत असतोस. थोडं कागदाशी बोल."

लिहिण्यासारखं काही घडलं नसतं तर ही डायरी मी टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारली असती. पण आज दुकानात एम्पार फेरान्दिस नावाची बाई आली. अलिकांतेकडच्या डोंगरातल्या बेनिआल्फार गावची, जोड्यांच्या कारखान्यात काम करणारी. पन्नाशीला टेकलेली, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे एप्रिलअखेर जत्रेत जुन्या काळातल्या मूर, म्हणजे मुसलमान, आणि ख्रिस्ती फौजांची खोटी लढाई होते. दोन्हीकडे गावचीच माणसं, दारूही एकाच पिंपातली. यंदा ख्रिस्ती फौजेचं कप्तानपद तिच्या मंडळाकडे आलंय आणि मंडळानं तिला उभं केलंय.

"तलवार हवी," म्हणाली. "पत्र्याची नको, ॲल्युमिनियमची नको. खरी."

"नुसती कमरेला लावायची?"

"उजव्या हातात, टोक वर. वेशीपासून चर्चपर्यंत. सगळा चढ आहे, आणि मिरवणूक गोगलगायीच्या चालीनं. दोन तास धरा."

मी नेहमीप्रमाणे म्हटलं, हात बघू. तिनं हातमोजा काढला आणि भाजीवालीनं काकडी ठेवावी तसा हात माझ्यासमोर बाकावर ठेवला. करंगळी नव्हती. तिच्या शेजारचं बोटही नव्हतं. दोन्ही मुळापासून.

"जोड्यांचे तळ कापायच्या मशीननं खाल्ली. तेव्हा मी वीस वर्षांची होते."

आता ज्यानं तलवार केली आहे त्याला ठाऊक असतं, की तलवार पेलतात ती हीच दोन बोटं. बाकीची नुसती वाट दाखवतात. मी म्हटलं, "बाई, डाव्या हातात..."

"कप्तान सलामी उजव्या हातानं देतो. माझा मेहुणा म्हणतो, तलवार मी धरतो, तू शेजारून चाल. उस्ताद, त्याच्या शेजारून चालण्यापेक्षा मी मुरांना जाऊन मिळेन."

मागे कोस्मे एवढ्या मोठ्यानं हसला की त्याच्या हातातली कानस पडली. कोस्मे म्हणजे माझा घण मारणारा. आमची सोबत आता निम्म्या आयुष्याची.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते आत्ता लिहिताना कळत नाहीये. पण जेवताना दोन घास जास्त गेले.

१६ जानेवारी

भट्टी पेटवली. आमच्या तोलेदोच्या पात्याच्या पोटात मऊ लोखंडाची कांब असते आणि दोन्ही अंगांनी पोलाद. तापवायचं, ठोकायचं, एकजीव करायचं. कोस्मेनं घण मारला, मी लहान हातोडा. कोस्मेला हल्ली एक नवीन खोड लागली आहे. मी हात पुढे केला की हत्यार तो थेट माझ्या तळहातात ठेवतो. पूर्वी बाकावर ठेवायचा. वयानं माणूस लाघवी होतो म्हणतात ते खरं असावं.

आमच्या गल्लीतले दिवे नगरपालिकेनं बदललेत वाटतं. पिवळट, मेलेले दिवे, आणि प्रत्येकाभोवती झिपऱ्या. चंद्रालाही महिनाभर रोज खळं पडतंय. यंदा पाऊस बरा होणार.

घरी आलो तर कासिल्दानं जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या होत्या. "हे कशाला?" विचारलं. "छान दिसतं," म्हणाली. मला तर काही छान वाटलं नाही. दवाखान्यासारखं दिसतं.

२४ जानेवारी

एम्पार आली. मुठीचा ठसा घ्यायचा होता. मेण तापवून तिच्या हातात दिलं, पण थंडी अशी की दाबण्याआधीच ते घट्ट व्हायचं आणि तडकायचं. तीनदा झालं. कासिल्दा आम्हाला सूप घेऊन आली होती. तिनं थोडा वेळ बघितलं, मग आपल्या कारखान्यात गेली आणि बदाम-साखरेच्या कणकेचा मोठा गोळा घेऊन आली.

"ह्याला दाबा, बाई. ही गरमही लागत नाही आणि रागवतही नाही."

एम्पारनं दाबलं. काय ठसा उमटला! अंगठा कुठे जोर देतो, मधलं बोट कुठे आधार शोधतं, तळहाताची कड कुठे एकटी पडते, सगळं लिहून दिल्यासारखं. मी तासभर त्यावरून बोट फिरवत बसलो. त्यातून एक गोष्ट सापडली. पहिलं बोट मुठीवर ठेवायचंच नाही. ते पुढे, आडव्या पट्टीच्या वरून, एका कडीत अडकवायचं. म्हणजे पात्याचं वजन बोटाला लोंबकळणार नाही, बोटावर बसेल. आणि मागे, जिथे करंगळी असती तिथे, मुठीच्या गोळ्यातून एक वाकडी शेपटी काढायची, ती मनगटाच्या आतल्या बाजूला टेकेल.

"म्हणजे लोखंडाची करंगळी?" एम्पारनं विचारलं.

"तसंच समजा."

"जुनीपेक्षा कामाची निघो. ती चहाच्या कपापलीकडे काही उचलत नव्हती."

संध्याकाळी ठसा शोधला तर जागेवर नव्हता. कोस्मे ओठ पुसत होता. म्हणाला, "मापं घेतली होती ना, उस्ताद?" घेतली होती, म्हणून वाचला.

४ फेब्रुवारी

आज पात्याला पाणी पाजलं. खिडक्यांच्या फळ्या लावून अंधार केला, कारण तापलेल्या पोलादाचा रंग अंधारातच खरं बोलतो. शेंड्यापासून मुठीपर्यंत एकसारखा गर्द लाल, पिकल्या चेरीचा, झाला की क्षणात पाण्यात. आधी काढलं तर मऊ राहतं, उशिरा काढलं तर ठिसूळ. (पर्यटकांना आम्ही सांगतो की ताहो नदीचं पाणी वापरतो. आजच्या ताहोत तलवार बुडवली तर ती आधी गंजेल आणि मग वास मारेल.)

चेरी दिसली. बुडवलं. आणि टिंग.

एवढासाच आवाज. काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसा. बाहेर काढलं तर मधोमध केसाएवढी चीर.

कोस्मे काही बोलला नाही. तो गप्प राहिला ह्याचंच मला नवल वाटलं, कारण त्याच्या आवडत्या संघानं गोल खाल्ला तरी तो अर्धा तास बोलतो.

होतं असं. दहात एखादं जातंच. पण कोळसा नवीन होता, आणि मला तो पहिल्यापासून आवडला नव्हता.

१३ फेब्रुवारी

कोळसेवाला बदलला. दुसऱ्या पात्याचं घडवणं सुरू.

आज गंमत झाली. कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर शेजारचे इलारियोसाहेब उभे होते. मी टोपी काढून म्हटलं, "काय हो, थंडी कशी आहे?" उत्तर नाही. गेल्या वर्षी त्यांच्याकडे दिलेली शिडी मी परत मागितली होती, त्याचा राग असेल म्हणून मी आणखी दोन गोड वाक्यं बोललो. मग आतून दुकानदारीण धावत आली. ते पर्यटकांसाठी ठेवलेलं चिलखत होतं. तिनं हसू दाबत विचारलं, "काका, आत येता का जरा? बसा."

मीही हसलो. घरी सांगितलं तेव्हा कासिल्दा हसली नाही. तिला माझे विनोद आता शिळे झालेत.

२७ फेब्रुवारी

दुसऱ्या पात्याला पाणी पाजलं. टिंग नाही, काही नाही. बाहेर काढलं तेव्हा सरळ, सुरीसारखं. मी कोस्मेला मिठी मारली. "कोळसा!" म्हटलं. "मी म्हणत होतो ना?"

"म्हणत होतात, उस्ताद," कोस्मे म्हणाला.

३ मार्च

दुसरं पातं मोडलं.

वाकवून बघायचं होतं. टोक शिशाच्या ठोकळ्यावर टेकवायचं आणि मुठीकडून दाबत पात्याची कमान करायची. चांगलं पातं कमान होतं आणि सोडलं की स्वतःच सरळ होतं. हे अर्ध्यावर आलं आणि काडीसारखं तुटलं. तुकडा माझ्या कानाजवळून गेला आणि मागच्या दारात रुतला. कोस्मे पांढराफटक पडला.

मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. भरड मीठ. चांगलं पोलाद मोडलं तर आत रेशमासारखं लागतं. भरड लागलं म्हणजे एकच अर्थ. जास्त तापलं. कोळशाचा दोष नाही, पोलादाचा नाही. पात्याचा रंग चेरीच्या पुढे गेला होता आणि मी त्याला चेरी म्हणत उभा होतो.

पण मी चेरीच बघितली. शपथेवर सांगतो, चेरीच होती.

कोस्मेला लवकर घरी पाठवलं. भट्टीपुढे एकटाच बसून राहिलो. निखारे बघत होतो. किती सुंदर लाल दिसत होते. आता मला प्रश्न पडलाय की ते कसे होते.

५ मार्च

एम्पारला फोन केला. सांगितलं, दुसरीकडे बघा. कोळसा चांगला मिळत नाहीये, वेळ थोडा आहे, आमच्याच गल्लीत तयार तलवारी टांगलेल्या आहेत, एखादी हलकी घ्या.

पलीकडे मशीनचे आवाज येत होते. मग ती म्हणाली, "रविवारी येते."

"कशाला? मी सांगितलं ना..."

"ऐकलं. रविवारी येते."

कासिल्दाला म्हटलं, ही बाई ऐकत नाही. कासिल्दा म्हणाली, "घाटातल्या बायका तशाच." तिला एम्पारचं गाव घाटात आहे की समुद्रावर, हे मी कधी सांगितल्याचं आठवत नाही. दोघी फोनवर बोलतात की काय कोण जाणे.

८ मार्च

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

एम्पार दुपारी आली. बरोबर गावचे मसालेदार सॉसेज, एक बाटली. कासिल्दा आणि कोस्मेही दुकानात होते, रविवार असून. मी पुन्हा कोळशाचं पुराण लावलं. सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग एम्पार उठून पलीकडे भट्टीच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं हात वर केला.

"उस्ताद, किती बोटं?"

ही थट्टा करायची वेळ नव्हती. पण मी काही कच्च्या गुरूचा चेला नाही. लगेच म्हटलं, "तीन!"

कोणी हसलं नाही.

"हा डावा हात आहे," ती म्हणाली.

 मी उठलो, चालत तिच्यापाशी गेलो. जवळ गेल्यावर दिसली. पाच बोटं, धडधाकट, त्यांवर जोड्याच्या डिंकाचे डाग.

"कधीपासून?" मी विचारलं. कोणाला विचारलं मलाही माहीत नाही.

"ऑक्टोबरपासून मला दिसतंय," कासिल्दा म्हणाली. "तू सूपात साखर घातलीस तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तू म्हणालास, दिवे बदललेत. मग म्हणालास, चष्म्यावर तेल उडालंय. मग कोळसा. नाचता येईना अंगण वाकडं. मी किती अंगणं सरळ करू?"

कोस्मेकडे वळलो. तो बूट बघत होता. "पातं कुठल्या रंगाचं होतं? खरं सांग."

"लिंबासारखं पिवळं, उस्ताद. मला वाटलं तुम्ही नवीन काहीतरी करताय. तुम्हाला कसं सांगायचं? तुम्हीच तर मला रंग शिकवलात."

मी रागावलो. तिघांवर रागावलो, कोस्मेवर सगळ्यांत जास्त. म्हटलं, तुकडा तुझ्या डोक्यात शिरला असता म्हणजे? त्यावर तो म्हणाला, "शिरला असता तर निदान मऊ जागी शिरला असता." मग मात्र हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, म्हणजे जे काही थोडं दिसत होतं तेही गेलं.

एम्पारनं बाटली उघडली. "ठीक आहे," म्हणाली. "तुमच्या डोळ्यांचं समजलं. माझ्या बोटांचं तुम्हाला पहिल्या दिवशीच समजलं होतं. आता तलवारीचं बोला."

मला आश्चर्य एवढंच, की डाव्या हाताची युक्ती हिला सुचली कशी. कासिल्दाला विचारलं, तर ती एकदम ताटल्या धुवायला निघाली.

११ मार्च

डॉक्टरकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टर मुलगी माझी लेक शोभेल अशा वयाची. म्हणाली, जगातला सगळ्यांत सोपा उपचार, घाबरायचं काही नाही. तारीख मिळाली मे महिन्यातली. जत्रा एप्रिलमधली.

कोस्मे म्हणतो, चुंबक वापरू. पोलाद पुरेसं तापलं की चुंबक चिकटायचं थांबतं. मलाही ठाऊक आहे. पण चुंबक एका जागेचं सांगतो. पातं हातभर नाही, त्याहून लांब आहे. शेंडा पातळ, मुठीकडे जाड. सगळीकडे रंग एकाच वेळी एक व्हावा लागतो, आणि ते एकदम दिसावं लागतं. "तू बघ," मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "मी भाता सोडला तर भाता कोण ओढणार? आणि खरं सांगू? चेरी आणि संत्रं ह्यांच्या मधलं मला काही दिसतच नाही. मी फळंच खात नाही."

रात्रीच्या जेवणाला कासिल्दा सहज म्हणाली, "एवढी वर्षं मी कसला रंग बघते असं तुला वाटतं?"

माझापानवर अंड्याचा हात फिरवून ते भट्टीत घालतात. क्षणभर उशीर झाला की जळतं, लवकर काढलं की मेणचट. कासिल्दाच्या हाताखालच्या मुली घड्याळ बघतात. कासिल्दा बघत नाही.

१४ मार्च

शनिवार. दिवसभर फळ्या लावून अंधारात बसलो, तिघं.

अडचण अशी, की तिचे रंग वेगळे आणि माझे वेगळे. मी म्हणतो चेरी. ती म्हणते, "कुठली चेरी? हेर्तेच्या खोऱ्यातली की बाजारातली?" तेव्हा मी मोडलेल्या पात्यांचे तुकडे केले. एकेक तुकडा तापवायचा, कासिल्दा रंगाला तिचं नाव देणार, मी पाण्यात टाकणार, मग पकडीत घट्ट धरून मोडणार आणि अंगठ्यानं आतला दाणा बघणार. डोळे तिचे, अंगठा माझा.

"लाल तिखट," ती म्हणाली. मोडेचना, नुसतं वाकलं. कच्चं.

"डाळिंब." थोडं बरं.

"गाजर." भरड. "केशराचा भात." तर रेतीच.

मग मध्ये एकदा ती थांबली, पुढे झुकली. "हे बघ, हे मेम्ब्रीयो. माझ्या आईच्या हातचं. फळ आटवून पहिल्या दिवशी पातेल्यातून लाल वडी काढतात ना, तेव्हाचं." मी बुडवलं, मोडलं, अंगठा फिरवला. रेशीम.

पुन्हा केलं. रेशीम. तिसऱ्यांदा तिला न सांगता कोस्मेकडून भाता जरा जोरात मारून घेतला. ती ओरडली, "गेलं, गेलं, पुढे गेलं! काय करतोस कोस्मे?" मोडलं तर भरड.

मी ह्या बाईबरोबर लग्न करून सदतीस वर्षं झाली, आणि मेम्ब्रीयोची वडी म्हणजे चीजबरोबर खायची एक गोष्ट, एवढीच माझी अक्कल.

२८ मार्च

तिसरं पातं. घडवून झालं. आज पाणी.

कासिल्दा कारखान्यातला पांढरा एप्रन बांधूनच आली, केस टोपीत. मी सांडशीनं पातं निखाऱ्यांत मागेपुढे करत होतो. मला एक तांबूस धुकं दिसत होतं, बस.

"शेंडा डाळिंब," ती म्हणाली. "मधे तिखट. मुठीकडे काहीच नाही, काळं."

मी मुठीकडची बाजू आत सरकवली.

"शेंडा बाहेर काढ जरा. हां. मधे डाळिंब. मुठीकडे तिखट. कोस्मे, हळू! हळू रे! थांब. थांब, मेलितोन, घाई करू नकोस, तुझी नेहमीची घाई... शेंडा मेम्ब्रीयो. मधे... मधे होतंय... मुठीकडे एक ठिपका राहिलाय, तुझ्या उजव्या हाताला. तिथे. हां."

माझा खांदा भरून आला होता. ती बोलायची थांबली. त्या थांबण्यात मी म्हातारा झालो.

"काढ!"

फिस्कारा, वाफ, आणि मग काही नाही. मी कान लावून उभा. कोस्मे डोळे मिटून उभा. टिंग नाही.

जरासा बाक आला होता. पातं गरम असतानाच तळहातावर घेऊन, बोटांनी चाचपून, लाकडी खाचेत दाबून मी तो काढला. ते मला येतं. ते अंधारातही येतं.

कासिल्दा घाम पुसत म्हणाली, "माझापान बरं. ते निदान फुटायची धमकी देत नाही."

३० मार्च

पातं मंद तापवून कडकपणा उतरवला. घासलेल्या पोलादावर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, मग जांभळा, मग निळा. इथेही तिचेच डोळे. "वांगं," म्हणाली. आणि मग, "पारव्याचा गळा." तिथे थांबलो.

दुपारी वाकवून बघितलं. कोस्मेला बाहेर उभं केलं, तो ऐकेना, आत येऊन माझ्यासमोरच उभा राहिला. पातं कमान झालं. आणखी दाबलं. सोडलं. सरळ. पुन्हा दुसऱ्या बाजूनं. सरळ.

आम्ही कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेलो. कासिल्दानं दोन पेले घेतले आणि सगळ्यांना सांगितलं की आज तिनं तलवार भाजली.

१२ एप्रिल

मूठ बसवली. एम्पार आली. कडीत बोट घातलं, मागची शेपटी मनगटाला टेकवली, आणि टोक वर केलं. तिचा चेहरा मला दिसत नाही, पण तिचा श्वास ऐकू आला.

"चला," म्हणाली, "बाहेर चक्कर मारून येते."

आल्काथार किल्ल्याच्या चढावर जाऊन आली. वाटेत जपानी पर्यटकांनी तिचे फोटो काढले. एकानं विचारलं की तिकीट कुठे मिळतं. परत आली ती मनगट लाल झाल्याचं सांगतच.

"टोक जड झालं का?"

"खोटं कशाला सांगू. निम्म्या वाटेपर्यंत पीस होतं. नंतर हात थरथरायला लागला."

मी शेपटीवरून अंगठा फिरवला, तिच्या मनगटावरून फिरवला. हाडाला टेकत होती, मांसाला टेकायला हवी. तांदळाच्या दाण्याएवढी आत वळवली, वर मऊ बकरीचं कातडं चढवलं. मुठीच्या गोळ्यात थोडं शिसं भरलं. ती पुन्हा गेली. आली. पुन्हा घासलं. ती पुन्हा गेली.

चौथ्या फेरीला संध्याकाळ झाली. मनगट आता लाल नाही, म्हणाली. पण दोन तास टिकेल का? वाद्यं, बंदुका, गर्दी, मेहुणा. ते इथे कळायचं नाही. ते फक्त तिच्या गावच्या चढावर कळेल.

जाताना तिनं तलवार कापडात गुंडाळून तान्ह्या मुलासारखी काखेत घेतली. "तुम्ही येताय," म्हणाली. विचारलं नाही.

२६ एप्रिल, बेनिआल्फार

काल मिरवणूक झाली. आज हॉटेलच्या खोलीत लिहितोय. कासिल्दा अजून झोपली आहे, कोस्मे शेजारच्या खोलीत घोरतोय, त्यानं काल मुरांची बाजू घेऊन फार प्यायली.

आम्हाला रस्त्याच्या कडेला, चढाच्या शेवटी, चर्चच्या खाली खुर्च्या दिल्या होत्या. कासिल्दानं आग्रह धरला की पहिल्या रांगेतच हव्यात. बँड ऐकू येत होते, एकामागून एक. बंदुकीच्या बारांचा धूर. माझ्यासाठी सगळं रंगांचं वाहतं पाणी. कासिल्दा सांगत होती: "आता घोडे. आता लहान मुली, पंख लावलेल्या. एक रडतेय. आता..." 

"काय?"

"एम्पार."

"हात?"

"वर."

"टोक?"

"मेलितोन, मला टोक बघू दे की!"

तिनं बघितलं. माझा दंड घट्ट धरला. शेजारची एक बाई ओरडत होती, "एम्पार! घरी जाऊन मेहुण्याला दाखव!" आणि मागून कुणी पुरुष म्हणाला, "मेहुणाच आहे हा, इथेच उभा आहे," आणि सगळा रस्ता हसला.

बँड थांबला. रिवाज आहे; चर्चपुढे कप्तान थांबतो, सलामी देतो. टापटाप बूट आमच्या दिशेनं आले. दोन तासांच्या चढानंतर तिचा श्वास मला ओळखू आला. समोर एक उजळ रेघ उभी राहिली, मग ती रेघ हळूहळू आडवी झाली आणि माझ्या छातीपुढे येऊन थांबली.

"उस्ताद," ती म्हणाली. "आणि उस्तादीण. सलाम."

कासिल्दा हुंदके देत होती, तिच्याकडून आता काही कळण्यासारखं नव्हतं. टोक थरथरतंय का, मला दिसेना. हाताच्या थकव्याची पहिली चहाडी टोक करतं. मग मी हात पुढे केला आणि बोट टोकावर ठेवलं. पोलाद उन्हानं कोमट झालं होतं.

थरथर होती. पण ती माझ्या बोटाची होती.